दुहेरी अंमलाची समाप्ती

१९९१ सालच्या आरंभी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने ३८६ जातीचा एक संगणक विकत घेतला, आणि अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी अध्यापनासाठी रचलेली मिनिक्स ही कार्यप्रणाली त्यावर बसवली. त्याच यंत्रावर, मिनिक्सच्याच आधाराने, त्याने स्वतःची एक कार्यप्रणाली घडवण्यास घेतली. तीच पुढे लिनक्स या नावाने जगभर गेली. काही काळ या दोन्ही प्रणाली एकाच हार्ड डिस्कवर शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांच्या सहवासाचा शेवट कसा झाला याचा वृत्तांत टोरवाल्ड्स यांनी आपल्या आत्मकथनात दिला आहे: मोडेमकडे धाडावयाच्या आज्ञा अनवधानाने हार्ड डिस्ककडे गेल्या, मिनिक्सच्या विभागातील महत्त्वाचा भाग नष्ट झाला, आणि मिनिक्स पुन्हा बसवावे की लिनक्सवरच सर्वस्वी विसंबावे, याचा निर्णय त्यांना तेथल्या तेथे घ्यावा लागला. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला.

या प्रसंगात एक गोष्ट त्यांना अनुकूल होती. त्या आरंभीच्या दिवसांत लिनक्स फ्लॉपीवरून सुरू करण्याची वहिवाट होती, म्हणजे संगणक सुरू करण्याच्या कामी लिनक्सला मिनिक्सची गरज पडत नसे. म्हणून मिनिक्स गेले तरी लिनक्स अडून बसले नाही. आज घरच्या वा कचेरीतल्या संगणकावर ज्यांनी विंडोज सेव्हनशेजारी विंडोज टेन, अथवा विंडोजशेजारी उबुंटू, अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, एकत्र बसवून घेतल्या आहेत आणि आता त्यांतील जुनी काढून टाकण्याचे ज्यांनी मनात आणले आहे, त्यांची स्थिती बहुधा निराळी असते. नवी प्रणाली सुरू करून देणाऱ्या फायली पुष्कळदा जुन्या प्रणालीच्या विभागात किंवा तिच्या डिस्कवर राहिलेल्या असतात. त्यामुळे जुनीवर आघात केला की नवीही मुकी होते, आणि पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवरील दोन पांढऱ्या ओळींपलीकडे काही उमटत नाही. जुनी प्रणाली पुसणे हे दोन मिनिटांचे काम आहे. संगणक वास्तविक कोणाच्या बळावर सुरू होतो याचा शोध त्याआधी घेणे, हेच या साऱ्या व्यवहारातील खरे काम होय.

जुनी प्रणाली काढावीच का, असे कोणी विचारील. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज सेव्हनचा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज टेनचा सर्वसाधारण सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. अशा तारखेनंतर त्या प्रणालीत जे दोष उघडकीस येतात त्यांची दुरुस्ती सामान्य ग्राहकाच्या घरी सहसा आपोआप पोहोचत नाही, आणि ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच यंत्रावर असे दुरुस्तीवाचून राहिलेले राज्य चालू ठेवणे मला धोक्याचे वाटते. महिन्यातून एकदा, एखादी जुनी फाईल पाहण्यापुरते, आपण त्या प्रणालीत शिरतो आणि तेवढ्यात इंटरनेटही जोडलेले असते; धोका शिरण्यास तेवढा अवकाश पुरतो. शिवाय जागेचा प्रश्न आहेच. आजच्या लॅपटॉपमधील एसएसडी पुष्कळदा २५६ वा ५१२ गिगाबाइटांची असते, आणि तीतला तिसरा हिस्सा कोणी न वापरणाऱ्या प्रणालीने अडवून ठेवावा, हे परवडणारे नव्हे.

आता संगणक सुरू होतो म्हणजे काय होते, ते पाहू. विजेचे बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमचा साठवलेला कार्यक्रम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात. बायोसला विंडोज, लिनक्स यांची काही माहिती नसते; तो नेमून दिलेल्या डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो आणि त्यात जो संकेत सापडेल त्याच्या हवाली सारा कारभार करतो. या चिमुकल्या तुकड्याला मास्टर बूट रेकॉर्ड असे नाव आहे. त्यातील पहिले ४४६ बाइट हा प्रारंभाचा संकेत, पुढचे ६४ बाइट म्हणजे प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी, आणि अखेरचे २ बाइट ही खूण. त्या चार नोंदींत डिस्कचे विभाग कोठे सुरू होतात आणि केवढे आहेत, हे लिहिलेले असते. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या यंत्रात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क आली आणि तिच्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ती आली, तेव्हापासूनची ही व्यवस्था आहे. त्या काळी चार विभाग म्हणजे चैन होती.

या नोंदवहीचे स्वरूप गावच्या जमिनीच्या दप्तरासारखे असते. दप्तरातील चतुःसीमेची नोंद खोडली म्हणून शेतातील ज्वारी जागची हलत नाही. परंतु नोंद नसलेल्या जमिनीवर उद्या कोणीही नांगर घालू शकतो. विभाग डिलीट केला की नेमके हेच घडते. आतील पत्रे, छायाचित्रे आणि हिशेब जागच्या जागी असतात, पण त्यांवर दुसरे काही लिहिण्यास आता कोणाचीही हरकत उरत नाही. म्हणून चुकून विभाग काढला गेला असेल, तर त्याच क्षणी संगणक बंद करून ती डिस्क जाणकाराकडे न्यावी. जेवढे अधिक लिहाल तेवढे अधिक गमवाल. एसएसडीत हीही आशा बेताचीच धरावी, कारण प्रणालीने ट्रिम नावाची आज्ञा दिली की रिकाम्या ठरलेल्या जागा ती डिस्क स्वतःहून साफ करू लागते.

आता प्रत्यक्ष प्रकरण घेऊ, आणि ते आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारे घेऊ. डेस्कटॉप संगणकात जुनी हार्ड डिस्क, तिच्यावर विंडोज सेव्हन. पुढे दुकानदाराने नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टेन घातले, आणि जुनी डिस्क तशीच जोडलेली ठेवली. सुरू करताना निळ्या पडद्यावर दोन नावे येतात, त्यांतले आपण निवडतो. मालकाची समजूत अशी असते की दोन्ही डिस्का आपापल्या ठिकाणी स्वतंत्र आहेत. वास्तविक, विंडोज टेनच्या स्थापना-कार्यक्रमाला जेव्हा आधीपासून चालू असलेला एखादा प्रारंभ-विभाग सापडतो, तेव्हा तो नवा निर्माण न करता आपल्या प्रारंभाच्या फायली त्याच जुन्या विभागात ठेवतो. विंडोज सेव्हनने आपल्या स्थापनेच्या वेळी १०० मेगाबाइटांचा सिस्टिम रिझर्व्ह्ड नावाचा एक छोटा विभाग केलेला असतो. दोन्ही प्रणालींचा आरंभ त्या एवढ्याशा जागेतून होतो, आणि ती जागा जुन्या डिस्कवर असते.

याची शहानिशा करण्याचे दोन उपाय आहेत. पहिला, डिस्क मॅनेजमेंट नावाची खिडकी उघडून पाहणे. तेथे प्रत्येक विभागाखाली त्याचे गुण लिहिलेले असतात, आणि ते वाचताना सावध राहावे लागते, कारण ज्या विभागावर सिस्टिम असे लिहिलेले असते त्यात प्रारंभाच्या फायली असतात, आणि बूट असे ज्यावर लिहिलेले असते त्यात या क्षणी चालू असलेली विंडोज असते. सामान्य माणूस याच्या उलट समजतो आणि फसतो. सिस्टिम हा शब्द जुन्या डिस्कवर दिसला, तर ती पुसण्याची वेळ अद्याप आलेली नाही. दुसरा उपाय याहून सोपा आणि मला अधिक प्रिय: संगणक बंद करावा, वीज काढावी, पेटी उघडून जुन्या डिस्कच्या तारा अलग कराव्यात आणि मग यंत्र सुरू करावे. नवी प्रणाली निमूटपणे उघडली तर जुनीची गरज नाही हे सिद्ध झाले. न उघडली, तर तारा पुन्हा जोडाव्यात, कारण अजून काहीच बिघडलेले नसते. डिस्क एकच असेल, किंवा यंत्र लॅपटॉप असेल, तर ही परीक्षा शक्य नाही, आणि पहिल्या उपायावरच भिस्त ठेवावी लागते.

प्रारंभाच्या फायली नव्या जागी आणण्यासाठी विंडोजमध्येच बीसीडीबूट नावाचे साधन आहे. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून त्याला विंडोजची जागा आणि फायली ठेवण्याची जागा सांगितली, म्हणजे ते आवश्यक तेवढ्या फायली आणि निवडीची सूची नव्याने तयार करते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर तो विभाग अ‍ॅक्टिव्ह म्हणून नोंदवावाही लागतो. ही नोंद राहून गेली तर फायली असूनही बायोसनंतरचा संकेत त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मग बायोसमध्ये नव्या डिस्कला पहिला क्रमांक द्यावा, तारांची परीक्षा पुन्हा करावी, आणि ती उत्तीर्ण झाल्यावरच जुनीला हात लावावा. सुरुवातीच्या पडद्यावर जे जुने नाव उरते, ते एमएसकॉन्फिग या सुपरिचित खिडकीतील बूट या पानावरून काढता येते. पुष्कळ लोक येथूनच आरंभ करतात आणि जुनी प्रणाली निघाली असे समजतात. तेथून केवळ सूचीतील नाव जाते, डिस्कवरील एक बाइटही मोकळा होत नाही.

अलीकडच्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआय या व्यवस्थेने घेतली आहे. इंटेलने तिचा पाया आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी घातला आणि २००५ पासून अनेक उत्पादकांचे एक मंडळ तिचे नियम ठरवीत आले आहे. येथे पहिल्या तुकड्यातील ४४६ बाइटांचा खटाटोप नाही. डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचा एक छोटा, फॅट पद्धतीचा विभाग असतो आणि त्यात प्रत्येक प्रणालीचे स्वतंत्र फोल्डर असते: एक मायक्रोसॉफ्टचे, एक उबुंटूचे. कोणाला आधी बोलवायचे याचा क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिलेला असतो. ही व्यवस्था कितीतरी शिस्तीची आहे, आणि एक प्रणाली काढणे तीत पुष्कळ सुखाचे झाले आहे; तथापि हा छोटा विभाग दोघांचा सामाईक असतो हे ध्यानात ठेवावे. उबुंटू नको म्हणून तिच्या फोल्डरासह सारा विभागच फॉरमॅट करणारा मनुष्य आपल्या विंडोजचाही आरंभ पुसून टाकतो.

उबुंटू काढून विंडोज ठेवावयाची असेल, तर यूईएफआयच्या यंत्रात प्रथम मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर वर आणावा, दोनचार दिवस त्याच क्रमाने काम करून पाहावे, मग विंडोजमधून लिनक्सचे विभाग काढावेत आणि शेवटी सामाईक विभागातील उबुंटूचे फोल्डर पुसावे. जुन्या बायोसच्या यंत्रात मात्र क्रमाला प्राणांतिक महत्त्व आहे. तेथे ग्रब या लिनक्सच्या प्रारंभ-कार्यक्रमाचा पहिला तुकडा मास्टर बूट रेकॉर्डमध्ये व त्याच्या लगतच्या जागेत, आणि उरलेला भाग लिनक्सच्या विभागात असतो. तो विभाग आधी काढला, तर पहिला तुकडा दुसऱ्याला शोधत राहतो आणि ग्रब रेस्क्यू एवढे शब्द दाखवून थांबतो. विंडोजचा स्थापना-पेनड्राइव्ह आधी करून ठेवलेला असला, तर त्यातील दुरुस्ती-विभागातून बूटरेक या आज्ञेने विंडोजचा मूळ संकेत पहिल्या तुकड्यात पुन्हा लिहिता येतो. म्हणून पेनड्राइव्ह आधी, दुरुस्ती त्यानंतर, आणि विभाग काढणे सर्वांत शेवटी. उलट दिशेने, विंडोज काढून लिनक्स ठेवणाऱ्याने एफएसटॅब ही फाईल उघडून पाहावी. विंडोजचा विभाग आपोआप जोडला जावा अशी ओळ तीत कधी काळी लिहिलेली असेल आणि तो विभागच गेला असेल, तर प्रत्येक आरंभी लिनक्स त्याची दीड मिनिट वाट पाहते आणि नंतर आपत्कालीन पडद्यावर जाऊन थांबते. सगळे व्यवस्थित असताना यंत्र बिघडले असा समज होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

बिटलॉकर ही विंडोजची डिस्क सांकेतिक करणारी व्यवस्था चालू असलेल्या यंत्रात या फेरफारांपूर्वी त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. आरंभाच्या मार्गात बदल झाला की ही सुरक्षाव्यवस्था तो हल्ला समजून किल्ली मागते, आणि ती नसेल तर आपल्याच घरात आपण परके ठरतो.

यंत्राच्या या बाजूपेक्षाही जिच्याकडे अधिक दुर्लक्ष होते ती बाजू सामानसुमानाची. लोक डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप यांची नक्कल करून घेतात आणि निश्चिंत होतात. परंतु आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत ईमेलचा सारा संग्रह एका पीएसटी फाईलमध्ये, प्रोफाइलच्या आतल्या आणि एरवी झाकलेल्या फोल्डरात असतो. दुकानाचे टॅलीतले हिशेब बहुधा टॅलीच्याच फोल्डरात, डेटा या नावाखाली असतात. ब्राउझरमध्ये साठवलेले संकेतशब्द बहुधा त्या त्या प्रणालीच्या वापरकर्त्याशी बांधलेले असतात आणि नुसत्या नकलेने दुसरीकडे चालत नाहीत. याहून गंभीर प्रकार एनक्रिप्ट केलेल्या फायलींचा. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत फाईलच्या गुणधर्मांत जाऊन ती सांकेतिक करण्याची सोय आहे, आणि अशा फाईलचे नाव जुन्या विंडोजमध्ये हिरव्या रंगात दिसते. तिची उकल करणारे प्रमाणपत्र जुन्या प्रणालीतील वापरकर्त्याच्या खात्यात असते. ते बाहेर न काढता जुनी प्रणाली पुसली, तर नक्कल हाती असूनही ती पुन्हा कधीच उघडत नाही. याला कोणताही तंत्रज्ञ इलाज करू शकत नाही. म्हणून जुन्या प्रणालीत अखेरचे शिरावे ते याच कामासाठी, आणि हिरवी नावे शोधून त्या फायली आधी साध्या करून घ्याव्यात. लिनक्समधून विंडोजच्या विभागातील सामान काढणाऱ्याने शिफ्ट कळ दाबून धरून विंडोज पूर्ण बंद करावी; विंडोज एटपासूनचे फास्ट स्टार्टअप यंत्राला अर्धवट निद्रेत ठेवते, आणि तशा विभागात लिनक्स लिहू धजत नाही.

विभाग गेल्यावर मोकळी जागा शेजाऱ्याला जोडणे हे काम सोपे वाटते, पण विंडोजचे स्वतःचे साधन विभागाच्या लगेच उजवीकडे असलेली मोकळी जागाच जोडू शकते. जागा डावीकडे असेल, किंवा मध्ये दुरुस्तीचा छोटा विभाग आडवा असेल, तर एक्सटेंड हा पर्याय फिकाच राहतो. तेव्हा जीपार्टेडसारखे साधन पेनड्राइव्हवरून सुरू करून सारा विभाग सरकवावा लागतो, म्हणजे त्यातील मजकूर तुकड्यातुकड्याने डिस्कच्या एका भागातून दुसऱ्या भागात जातो, आणि मोठ्या हार्ड डिस्कवर यास कित्येक तास लागू शकतात. या अवधीत वीज गेली तर होणारे नुकसान भरून निघत नाही. आपल्याकडे भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावी हे काम यूपीएसवाचून करूच नये. माझे मत विचाराल तर जागा डावीकडे असल्यास सरकवासरकव न करता तिथे नवा विभाग करून त्याला वेगळे अक्षर द्यावे आणि छायाचित्रे, चित्रफिती तेथे ठेवाव्यात. सोयीत उणे पडत नाही आणि जोखीमही टळते.

या विषयाची एक बाजू खास आपल्या भाषेची आहे, आणि तिच्याविषयी मला कळकळ वाटते. महाराष्ट्रातील कितीतरी छापखान्यांत, नियतकालिकांच्या कचेऱ्यांत आणि लेखकांच्या घरी विंडोज एक्सपी अद्याप राहिली आहे, ती पेजमेकरसाठी आणि पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांसारख्या मराठी अक्षरसाधनांसाठी. युनिकोड पद्धती रुळण्यापूर्वी या साधनांतील मराठी अक्षरे रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर बसवलेली असत. फाँट असेपर्यंत पानावर शुद्ध मराठी दिसते, आणि फाँट गेला की तोच मजकूर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग होऊन बसतो. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आले, र. कृ. जोशी यांनी रेखिलेला मंगल हा फाँट घरोघरी पोहोचला. परंतु तत्पूर्वीचे आणि त्यानंतरही बरीच वर्षे छापखान्यांत जुळवलेले मराठी लेखन त्या जुन्या अक्षरसंकेतांतच राहिले. जुन्या प्रणालीबरोबर फाँटांचे फोल्डर आणि त्या साधनांचे परवाने पुसणारा मनुष्य फायली सुरक्षित ठेवूनही त्यांतील मराठी हरवून बसतो.

अशा ठिकाणी जुनी प्रणाली काढण्यापूर्वी तिचे आभासी यंत्र करून ठेवावे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संग्रहातील डिस्क-टू-व्हीएचडी हे साधन चालू डिस्कची प्रतिमा एका फाईलमध्ये उतरवते, आणि ती फाईल व्हर्च्युअलबॉक्ससारख्या कार्यक्रमात नव्या प्रणालीच्या आतच एका खिडकीत सुरू करता येते. परवान्याची अट पाहून घ्यावी, आणि त्या खिडकीचे इंटरनेट बंद ठेवावे. अक्षरसाधनाच्या परवान्यासाठीचे, यूएसबीत बसणारे हार्डवेअर लॉक आभासी यंत्राकडे सोपवता येते. प्रिंटरच्या जुन्या समांतर पोर्टमध्ये बसणारे लॉक असेल, तर ते चालेल याचा भरवसा नाही, आणि तेथे जुना संगणकच, जाळ्यापासून तोडून, जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर पुरे होईतो राखून ठेवणे श्रेयस्कर. रूपांतराला आरंभ करताना छापून ग्रंथालयांत गेलेली पुस्तके मागे ठेवावीत, कारण ती पुन्हा टंकित होऊ शकतात. ज्या मजकुराची छापील प्रत कोठेच नाही, अशी पत्रे, कोशांची टाचणे, अप्रकाशित हस्तलिखिते आणि संस्थांची इतिवृत्ते प्रथम युनिकोडमध्ये आणावीत, आणि प्रत्येक पानाची जुन्या पडद्यावरील पानाशी ताडून पाहणी करावी, कारण रूपांतर करणारे कार्यक्रम रफार आणि जोडाक्षरे यांत वारंवार चुकतात.